पुस्तकातली बायको

शेवटचं प्रकरण वाचून बकुळाने पुस्तक मिटलं, तेव्हा गॅलरीत बसलेल्यांपैकी कुणीच राधाकडे पाहिलं नाही. राधाला तेच जास्त लागलं. रोज वाचन संपलं की बायका तिच्याशी बोलत, उद्या काय होईल याचे अंदाज बांधत. आज सगळे आपापली बसायची पोती उचलून खोल्यांमध्ये गेले.

सत्तावन्न सालच्या अखेरची थंडी होती. नायगावच्या बीडीडी चाळीत महिनाभर 'कर्फ्यूतला खून' ही कादंबरी वाचली जात होती. मुंबईत तेव्हा जिकडेतिकडे तिचंच नाव होतं. बकुळा सातवी शिकलेली, तिचा आवाज खणखणीत. दिवे लागले की ती कंदील जवळ घेऊन बसायची आणि मजल्यावरची माणसं भोवती जमायची.

गोष्ट अशी होती. गोविंद नावाचा गिरणीकामगार कर्फ्यूत घराबाहेर पडतो आणि नाक्यावर मेलेला सापडतो. जग समजतं, गोळीबारात गेला. शेवटच्या प्रकरणात फौजदार सांगतो की त्याच्या बायकोनं आणि शेजाऱ्यानं मिळून त्याला मारलं. बाहेर गोळीबार चालू होता, त्यात ही एक गोळी खपून गेली.

राधाचा नवरा सीताराम असाच कर्फ्यूत, नाक्यावरच्या गोळीबारात गेला होता. छप्पन्नच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं जाहीर झालं आणि गिरणगाव पेटलं. कर्फ्यू लागला. घरातले तांदूळ संपले होते. कुठलं दुकान मागच्या दाराने उघडं आहे का ते बघायला सीताराम आणि शेजारचा जगदीश बाहेर पडले. जगदीश एकटा परत आला. त्याच्या सदऱ्याला रक्त होतं. दुसऱ्या दिवशी पोलिसांच्या पहाऱ्यात घाईघाईने अंत्यविधी उरकला. सासूला, जाईबाईला, मुलाचं तोंडसुद्धा नीट पाहता आलं नाही.

तेव्हापासून राधा गिरणीच्या वायंडिंग खात्यात, रिळांवर सूत गुंडाळायच्या कामाला जात होती आणि सासूला सांभाळत होती. जगदीश बसवर कंडक्टर होता, एकटा होता. घासलेटची रांग असो की रेशन, तो राधाचंही आणून टाकायचा. त्यात कुणाला आजवर काही वावगं दिसलं नव्हतं.

पुस्तक संपल्यावर चाळीत मतं फुटली. अप्पा, गिरणीतले जुने जॉबर म्हणजे मुकादम, म्हणत होते की लेखक मोठा हुशार, शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाही. बकुळाचं म्हणणं, शेवट खोटा आहे, गोविंदची बायको दोन पोरांची आई, ती असं करणार नाही. आनंदा संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभांना भगवा झेंडा घेऊन जाणारा. तो म्हणे, आमच्या हुतात्म्यांच्या रक्तावर कुणीतरी चार पैसे मिळवतोय, हे पुस्तक चौकात जाळलं पाहिजे. नळावर बायका हळू आवाजात वेगळंच बोलत, आणि राधा हंडा घेऊन आली की पाण्याचं बोलत.

 जाईबाईने बकुळाला शेवटचं प्रकरण पुन्हा वाचायला लावलं. मग आणखी एकदा. त्यानंतर तिने राधाच्या हातचा चहा घेणं सोडलं.

एका संध्याकाळी राधा भाकऱ्या थापत असताना जाईबाईने मागून विचारलं, "सीतारामाला भाईर कुणी धाडलं व्हतं?"

राधाचा हात थांबला. ती म्हणाली, "कुणी धाडलं नाही. घरात दाणा नव्हता. तुम्ही समोरच बसला होतात की."

"मला आठवत न्हाई," जाईबाई म्हणाली.

राधा त्या रात्री जेवली नाही. दोन वर्षं एका खोलीत, एका चुलीवर काढली होती. रडताना एकमेकींना धरलं होतं. ती सासू आता भिंतीकडे तोंड करून झोपली होती.

आठवड्याने धाकटा दीर रामजी शीवहून आला. शीवला तो, बायको आणि तीन पोरं मेव्हण्याच्या खोलीत पडदा लावून राहत होते. रामजी वाईट माणूस नव्हता, पण जागेसाठी मेटाकुटीला आला होता. खोली भावाच्या नावावर आहे, आई माझी आहे, असं त्याने सुरुवातीलाच सांगितलं. मग खाली बघत म्हणाला, चाळीत काय बोललं जातंय ते माझ्या कानावर आलंय, रविवारी चार जाणती माणसं बसतील आणि ठरवतील.

राधाने विचारलं, "तुम्हाला वाटतं का तसं?"

"मला काय वाटतं ते सोडा. जखम कुणी पाहिली? जगदीश एकटा कसा वाचला? चाळ विचारते, वहिनी."

जगदीशने हे ऐकलं आणि माटुंग्याला जागा बघायला सुरुवात केली. राधाने त्याला जिन्यात गाठलं. आत्ता गेलास तर सगळे म्हणतील खरंच होतं, असं तिने त्याला सांगितलं. तो कठड्याला धरून उभा राहिला. थांबलो तरी म्हणतील, असं म्हणून तो खाली उतरला.

शनिवारी दुपारी दादरच्या एका वाचनालयात त्या कादंबरीवर चर्चा ठेवली होती. लेखक स्वतः येणार होता. आनंदा निषेध करायला निघाला, तेव्हा राधा गिरणीतली पाळी बुडवून त्याच्याबरोबर गेली.

सभागृहात बहुतेक शिकलेली, ऑफिसात जाणारी माणसं होती. एका निवृत्त मास्तरांनी रचनेचं कौतुक केलं. एक विद्यार्थी उठून म्हणाला की ज्या गोळीबारावर अजून शहरात हुंदके निघतात, त्याचा आडोसा करून खून रंगवणं निलाजरेपणाचं आहे. त्यावर कुणी म्हणालं, रहस्यकथा आहे, करमणूक म्हणून वाचा. अध्यक्षबाई सुनेत्रा मोहिले सगळ्यांना आळीपाळीने बोलू देत होत्या. लेखक हेमचंद्र वैद्य टेबलापाशी बसून बोटांनी पेन फिरवत होता. पस्तिशीचा, चष्मेवाला, गिरगावात राहणारा साधा कारकून.

आनंदाच्या आधी राधाच उभी राहिली. ती लेखकाकडे वळली.

"तुम्हाला हे कुणी सांगितलं?"

"काय, बाई?"

"कर्फ्यूत बायकोनं नवऱ्याला मारलं, ते. कुणाच्या घरात झालं असं?"

"कुणाच्याच नाही," हेमचंद्र म्हणाला. "मी रचलं. वाचकाला शेवटपर्यंत कळू नये म्हणून."

"माझा नवरा नायगावच्या नाक्यावर गोळीबारात गेला. तुमचं पुस्तक वाचल्यापासून आमच्या चाळीत म्हणतात, मी मारला."

 मास्तर काहीतरी पुटपुटले, की यात पुस्तकाचा काय दोष. राधाने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"उद्या सकाळी माझ्या घरात माणसं बसणार आहेत. मला खोलीतून काढायचं की ठेवायचं ते ठरवणार आहेत. आत्ता बोललात तेवढं तिथं येऊन बोला."

तिने चाळीचा नंबर सांगितला. हेमचंद्रने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. अध्यक्षबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. राधा बाहेर आली.

रविवारी सकाळी खोलीत सतरंजी अंथरली. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली अप्पा आणि चाळीतली तीन वडीलधारी माणसं. जगदीश उंबऱ्यापाशी बसला. बाहेर गॅलरी भरली होती. जाईबाई कोपऱ्यात गुडघ्यांना मिठी मारून बसली होती. राधाचं लक्ष जिन्याकडे होतं, पण जिन्यावर कुणी दिसत नव्हतं.

रामजीने आपलं म्हणणं मांडलं. मग जगदीशला विचारलं की त्या दिवशी काय झालं. जगदीशने आजवर अनेकदा सांगितलेलं पुन्हा सांगितलं. नाक्यावर वळलो, पोलिसांची लॉरी समोरून आली, आवाज झाला, सीताराम पडला.

"आणि तू?"

"मी त्याच्या डाव्या हाताला होतो."

"तुला कशी लागली नाही?"

जगदीश म्हणाला, "मला ठाऊक नाही, रामजी. मीसुद्धा स्वतःला तेच विचारतो."

गॅलरीत कुजबुज सुरू झाली. अप्पांनी हात वर केला तरी ती थांबेना. राधाला वाटलं, आता झालं. तेवढ्यात बाहेरची माणसं बाजूला सरली आणि हेमचंद्र वैद्य आत आला. तीन जिने चढून त्याला धाप लागली होती. कुठे बसावं ते त्याला कळेना, तेव्हा तो जगदीशच्या शेजारी टेकला.

त्याने सरळ सांगितलं की हे पुस्तक मी गिरगावात माझ्या घरी बसून लिहिलं, नायगावात याआधी मी पाऊल ठेवलं नव्हतं, या घराबद्दल मला काही माहिती नव्हती.

"मग इतकं खरं कसं वाटतं?" रामजीने विचारलं.

"खरं वाटावं म्हणूनच लिहितात."

 तेव्हा कोपऱ्यातून जाईबाई बोलली. सगळ्यांना वाटलं होतं की ती आज बोलणारच नाही.

"लेखकदादा, पुस्तकात शेवटाला फौजदार नाव घेतो. ह्यानं मारलं, हिनं मारलं. सगळी ऐकत्यात. माझ्या पोराला गोळी घालणाराचं नाव हाय तुमच्याकडं?"

"नाही, आजी."

"मग कुणाकडं हाय?"

हेमचंद्रने मान खाली घातली. बाहेरची कुजबुज थांबली.

"मी पोलीस चौकीत गेले. इस्पितळात गेले. कुणी नाव सांगंना. कोण म्हनं, गर्दीत लागली. गर्दीत कशी लागंल? कुणीतरी चाप ओढला असंल ना?" ती थांबली. "म्हनून मला पुस्तक आवडलं. त्यात मानूस सापडतो."

राधा जागची उठली नाही. तिचा आवाज मात्र बदलला. "आई, म्हणून तुम्ही माझं नाव लावलंत?"

जाईबाईने तिच्याकडे पाहिलं. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच.

"तू जवळ व्हतीस," ती म्हणाली. "दुसरं कुनी हातात आलंच न्हाई."

 बकुळा दाराशी पदर तोंडाला लावून उभी होती. शेवटी अप्पा म्हणाले की खोलीचा विषय इथेच संपला, सीतारामची बायको इथे राहील, आणि ज्याला आणखी काही बोलायचं असेल त्याने माझ्यासमोर बोलावं. रामजी चहा न घेताच निघाला. उंबऱ्यापाशी त्याने जगदीशच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो जिना उतरला.

हेमचंद्र जाताना राधाला म्हणाला की पुढच्या आवृत्तीत प्रस्तावना घालून सगळं काल्पनिक असल्याचं लिहीन. राधा म्हणाली, "घाला. पण आमची बकुळा प्रस्तावना वाचत नाही. ती गोष्टीपासून सुरुवात करते." तो ओशाळून हसला आणि गेला.

राधाचा राग काही त्या दिवशी गेला नाही. ती दोन दिवस सासूशी कामापुरतंच बोलली. जवळ होतीस, हा शब्द मशिनवर रिळं बदलतानाही तिच्या डोक्यात घोळत होता. कधी त्याने संताप यायचा, तर कधी त्या म्हातारीचे चौकीबाहेर ताटकळलेले पाय डोळ्यांपुढे यायचे.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी जाईबाई लुगडं नीटनेटकं करून दाराशी उभी राहिली. ती म्हणाली, "मला ती जागा दाव. मी अजून बघितली न्हाई."

राधा म्हणाली, "नेमकी जागा मीही पाहिलेली नाही. जगदीशला माहीत आहे."

"मग बोलाव त्याला."

जगदीश यायला तयार नव्हता. राधाने तिसऱ्यांदा सांगितल्यावर त्याने चपला घातल्या. भर सकाळी तिघं गॅलरीतून, नळाजवळून, चाळीच्या मधल्या मैदानातून चालत निघाली. नळावरच्या बायकांनी पाहिलं. जाईबाईने एक हात राधाच्या खांद्यावर आणि दुसरा जगदीशच्या मनगटावर ठेवला होता.

नाक्यावर जगदीश एका बंद दुकानासमोर थांबला आणि बोटाने जमीन दाखवली. तिथे काही नव्हतं. एक बस वळून गेली. जाईबाई खाली बसली, तिने तळहात फरशीवर टेकवला आणि तो बराच वेळ तसाच ठेवला. राधा तिच्या शेजारी बसली.