एका दुपारची श्रीमंती

आमच्या साखरखेर्ड्यात मुलीकडचे पाहुणे मुलाचं घर पाहायला आले, की सगळी आळी त्या घरी मुक्कामाला जाते. माणसं नव्हे, सामान. रुक्मिणीबाईच्या रामसाठी मलकापूरचे भागवतराव येणार असं कळलं अन् सकाळपासून तिच्या दारात दौलत जमू लागली. तुळशीरामचा ट्रॅक्टर आला. तो इथं सुरू झाला की तिकडे मलकापूरच्या फलाटावर लोक गाडी आली समजून पिशव्या उचलतात. इंद्रभानचा फ्रिज आला, सत्यभामाबाईचा दिवाण आला. म्हैस मी माझी नेऊन बांधली. तिच्या दुधाची साय इतकी जाड, की आमचं मांजर तिच्यावर दुपारची झोप काढतं अन् अंगाला थेंब लागत नाही. पटत नसेल तर मांजराला विचारा.

रुक्मिणीबाईचं स्वतःचं म्हणाल तर एकरभर वांगी-मिरची अन् दोन लेकरं. राम बाजारात तीच भाजी विकतो. धाकट्या योगिनीचा बुलढाण्याला नर्सिंगला नंबर लागला होता. फी माफ व्हायची तर उत्पन्नाचा दाखला हवा, दाखल्याआधी तलाठ्याची चौकशी हवी, अन् कागद द्यायची मुदत उद्या संपत होती. दाखला नाही तर कॉलेज नाही.

पाहुण्यांनी जीप दारात लावली अन् दिवाणावर ऐसपैस बसून चहाचा पहिला घोट घेतला, तेवढ्यात दारात तलाठीबाई उभ्या. छाया मॅडम, नुकत्याच बदलून आलेल्या. त्यांनी ट्रॅक्टरकडे पाहिलं, म्हशीकडे पाहिलं, मग हातातल्या अर्जाकडे. अर्जात नुसता एक एकर भाजीपाला. मॅडमनी आवाज न चढवता समजावून सांगितलं, की सरकार घरातल्या सगळ्यांची वर्षाची कमाई धरतं. शेतीची, मजुरीची, दुधाची, ट्रॅक्टर भाड्यानं जात असेल तर त्याचीही. मग पेनाचं टोपण काढून विचारलं,

"मावशी, म्हशीचं दूध कुठं घालता?"

भागवतरावांनीही कान टवकारले. रुक्मिणीबाईनं म्हैस आपली म्हणावं तर लेकीचं कॉलेज गेलं, नाही म्हणावं तर लेकाचं लग्न. ती पदराचं टोक पिळू लागली. योगिनी आईला खुणेनंच नको-नको म्हणत होती, भावाचं बिघडेल म्हणून. शेवटी रामच बोलला.

"माय, सांगून टाक ना. माहं लग्न पुढच्या साली बी होईन. हिचं कॉलेज थांबत नाई."

"दूध मी कुठंच घालत नाई, मॅडम," रुक्मिणीबाई म्हणाली. "म्हैस शेजारच्या भाऊंची हाय. पैसे त्यायलेच येतात. म्या आज तिले पाणी पाजलं फक्त."

मॅडम म्हणाल्या, कोणाच्या दारात काय बांधलंय हे मी लिहीत नाही, त्याचा पैसा कोणाच्या घरात जातो ते लिहिते. तेव्हा ज्याचं त्यानं पुढं येऊन सांगावं. मग काय, मी म्हशीचं दावं सोडलं. तुळशीरामनं किल्ली फिरवली. फ्रिज तर चालू होता, इंद्रभाननं तो आतल्या दहीवड्यासकट उचलला. घर भराभर रिकामं होत गेलं अन् प्रत्येकाचा जबाब मॅडमच्या कागदावर चढत गेला. सत्यभामाबाई तेवढी घुटमळत होती. शेवटी पाहुण्यांजवळ जाऊन पुटपुटली,

"जरासे उठता का, बापा? दिवाण माहा हाय."

भागवतराव कपबशी सांभाळत उठले. आता हे तरातरा निघून जातात, असंच आम्हाला वाटलं. त्यांनी उरलेला चहा उभ्यानं संपवला, मिशी पुसली अन् मॅडमकडे वळले.

"बाहेरची जीप बी लिहून घ्या, बाई. माह्या साडूची हाय. आमच्या घरी सायकल हाय, ते बी पोरगी चालवते."

पहिल्यांदा मॅडमच हसल्या. भागवतराव सारवलेल्या भुईवर मांडी घालून बसले अन् रामला शेजारी बसवून वांग्याचा भाव विचारू लागले. पुढचं बोलणं दोघांचं बराच वेळ चाललं. मॅडमनी पंच म्हणून माझी सही घेतली, अहवाल मोबाइलवरून तिथूनच तहसीलला पाठवला अन् योगिनीला सांगितलं, की सकाळी सिंदखेडराजाला येऊन दाखला घे.

"सिंदखेडराजावरून मंग बुलढाण्याले कशी जाशीन वं?" भागवतरावांनी तिला विचारलं.

"एसटीनं, काका."

"कायले? आम्ही आज इथंच राहतो. सकाळी जाऊ संगच, मलकापूरची वाट बुलढाण्यावरूनच हाय."

योगिनीनं आईकडे पाहिलं, आईनं मान हलवली. मग पोरगी पाहुण्यांसाठी वांगी तोडायला मळ्यात पळाली. एकेक वांगं एवढं मोठं, की दोघांनी धरावं लागतं.