मॅडमपुढे घातलेलं गाऱ्हाणं

कुणकेश्वरच्या मच्छीमाराचा मुलगा डोंगरावर काय करतो, असं मला अजून विचारतात. मी हवापाण्याचं कारण सांगतो. खरं कारण असं की मला बोट लागते. घरातल्या तीन पिढ्या समुद्रावर पोसल्या आणि मी होडी किनाऱ्यावरून हलायच्या आत ओकायचो. शेवटी वडिलांनीच माझ्यापुढे हात जोडले. नशिबाने वर्षालीचं स्थळ सांगून आलं. घरात दोन मुलीच, काजूची बाग बघायला माणूस हवा होता, म्हणून मी आंबेटेंबला घरजावई झालो. तेव्हापासून सगळी वाडी मला ‘जावयबापू’ म्हणते. त्यात मान किती आणि टिंगल किती, याच्या खोलात मी जात नाही.

आंबेटेंब कुडाळच्या वरच्या अंगाला, ऐन डोंगरात आहे. डांबरी रस्ता खालच्या गावात संपतो. पुढे घाटी चढायची. गॅसचा सिलिंडर डोक्यावरून वर येतो आणि आजारी माणूस डोलीतून खाली जातो. पावसाळ्यात वीज गेली की मोबाइलचा उपयोग भांग पाडण्यापुरता. नाचणी गवे खातात, काजू माकडं खातात, उरलं तर आम्ही. ताजे मासे वर पोचेपर्यंत ताजे राहत नाहीत, म्हणून मी सुकटीवर दिवस काढतो. तरी पाहुण्यांना छाती काढून सांगतो, आमच्याकडची हवा बघा किती शुद्ध! चढून आलेल्या पाहुण्याला ती हवा आत घ्यायलाच बराच वेळ लागतो.

एक गोष्ट मात्र दारात होती, शाळा. एक खोली आणि एक जॉयस बाई. बाई शिरोड्याच्या, सोमवारी चढतात, शनिवारी उतरतात, मधले दिवस शाळेमागच्या खोलीत राहतात. आमची हिरा तिसरीत होती. गेल्या वर्षी बातमी आली की पोरं कमी म्हणून शाळा बंद करायचा विचार चाललाय, आणि पालकांचं मत विचारायला तालुक्याहून एक मॅडम येणार आहेत. खालच्या गावातल्या शाळेसाठी रोज घाटी उतरून चढणं एवढ्याशा पोरीला झेपणार नव्हतं. शाळा गेली असती तर तिला कुडाळला मावशीकडे ठेवावं लागलं असतं, आणि हिराशिवाय घर ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. शिवाय माझ्या गप्पा खऱ्या मानणारी घरात ती एकटीच.

मॅडमपुढे बोलायचं कोणी, यावर वाडीची बैठक बसली. दत्ताराम गावकर आमच्यात सगळ्यांत वडील. ते म्हणाले, “जावयबापू बोलतलो. बारावी पास आसा. शुद्ध बोलता.”

झालं. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. रोज काजूच्या बागेत उभा राहून ‘आदरणीय मॅडम’पासून सुरुवात करायचो. माकडं समोर बसून ऐकायची आणि ऐकता ऐकता एकमेकांच्या उवा वेचायची. एका संध्याकाळी वर्षालीलाही चुलीपुढे बसवून अख्खं भाषण ऐकवलं.

“कसा झाला गो?”

“बरा,” ती म्हणाली आणि चुलीत लाकूड सारलं. मी ते कौतुक म्हणून घेतलं.

मॅडम आल्या. घाटी चढून त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. घोट्याला लागलेली जळू त्यांनी मुकाट्याने काढून टाकली, तेव्हाच मला त्यांच्याबद्दल आदर वाटला. शाळेचं छप्पर गळत होतं, म्हणून सभा देवळाच्या मंडपात ठेवली होती. तिथेच घात झाला.

मी उभा राहिलो, हात जोडले, “आदरणीय” म्हणालो आणि पुढचं सगळं शुद्ध मराठी डोक्यातून पार पळालं. सगळी वाडी माझ्या तोंडाकडे बघत होती. आता, आमच्या देवळात हात जोडून उभा राहिलेला माणूस एकच गोष्ट करतो. गाऱ्हाणं घालतो. एकाने देवाला वाडीचं दुखणं सांगायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. माझं तोंड आपोआप उघडलं.

“बा म्हाराजा! आज ही तुजी लेकरां तुज्या पायाकडे जमली हत!”

“व्हय म्हाराजा!” सगळी वाडी गरजली. मॅडमच्या हातातलं पेन पडलं.

“जो कोण आमची शाळा बंद करूक बघता, तेका बरी बुद्धी दी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आमच्या बाईंचे गुडघे शाबूत ठेव रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” यात दर रविवारी चर्चला जाणाऱ्या जॉयस बाईंचा आवाज सगळ्यांत मोठा होता. मला असं स्फुरण चढलं की विचारू नका. आयुष्यात मी इतकं चांगलं कधीच बोललो नव्हतो. थांबलो तो दम लागला म्हणून.

मॅडम उठल्या. हसू आवरत म्हणाल्या, “तुमच्या भावना समजल्या. पण मुलांना मोठी शाळा मिळावी, असं तुम्हालाही वाटतंच ना?”

“व्हय म्हाराजा!”

“म्हणजे खालच्या शाळेत पाठवायला तुमची हरकत नाही?”

“व्हय म्हाराजा!” लय लागली होती. लाज वाटते सांगायला, पण माझे हातही अजून जोडलेलेच होते आणि मीही म्हणालो.

“छान! म्हणजे एकमताने...”

दत्ताराम माझ्या कानाशी आले. “जावयबापू, शाळा घालवलंस मरे!”

मी धावत पुढे गेलो. “मॅडम, ते होय खरं नव्हतं! सवयीचं होतं!”

“मग सगळ्यांनी नाही म्हणा,” मॅडम म्हणाल्या.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. म्हातारी हौसाबाई म्हणाली, “देवासमोर नाय कशी म्हणाची गो बाय?” मॅडमनी कपाळाला हात लावला, पाऊस उघडलेला बघून सगळ्यांना बाहेर फणसाखाली आणलं आणि एकेका पालकाला विचारायला घेतलं. हे सुरुवातीलाच केलं असतं तर माझी अब्रू वाचली असती.

एकेक जण म्हणाला, शाळा हयच होयी, इथेच हवी. माझा जीव भांड्यात पडला. मग वर्षालीची पाळी आली. मी आधीच हसत उभा होतो.

वर्षालीने पदर खोचला आणि मला जे जमलं नव्हतं त्या शुद्ध मराठीत म्हणाली, “शाळा राहू दे. लहान पोरांना हवीच आहे. पण माझ्या मुलीला मी कुडाळला पाठवणार. आत मी होय म्हटलं, ते सवयीने नाही.”

माझं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. ते आवरायचंही मला सुचलं नाही.

घरी येताच मी तापलो. “माका आधी सांगूक काय झाला?”

“तुमी कधी इचारलात?” ती म्हणाली. “भाषण ऐकवलात, इचारूक नाय. माजी शाळा चौथीत सुटली. तेवा पण सगळ्यांका मी घराकडेच होयी होतंय.”

मी हिराला हाक मारली, म्हटलं निदान ही तरी माझ्या बाजूने रडेल. पण आईने तिला कधीच सांगितलं होतं. तिने मावशीकडे न्यायचे कपडेसुद्धा काढून ठेवले होते. माझ्याकडे बघून म्हणाली, “पप्पा, तू रडतलस काय?”

“खुळी काय?” असं म्हणून मी परसात गेलो आणि रडलो.

शाळा राहिली. जूनमध्ये हिराला कुडाळला सोडलं. मावशीच्या दारातून ती आत पळाली, वळूनही बघितलं नाही. परतताना घाटीच्या मध्यावर वर्षाली एका दगडावर मटकन बसली आणि हुंदके द्यायला लागली. मी समजत होतो हिला काही वाटतच नाही. समजूत घालायला माझ्याकडे दोन-चार चांगली वाक्यं तयार होती. ती मी गिळली आणि शेजारी बसून म्हटलं, “तुका काय वाटता गो? सांग.”

ती बोलायला लागली, ती घर येईपर्यंत थांबली नाही. लग्नाला दहा वर्षं झाली होती आमच्या. त्यातलं निम्मंसुद्धा मला माहीत नव्हतं.