दिव्यातून उघडलेलं कुलूप

तपासनीस बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, लॅपटॉपवर एक कळ दाबली आणि टेबलावर उभ्या केलेल्या दाराच्या चौकटीतलं कुलूप खट्कन उघडलं.

कुलूप बनवणाऱ्या कंपनीचे मालक समोरच बसले होते. दाखला हातोहात घेऊन जायचा म्हणून ते स्वतः आले होते. त्यांनी आधी कुलपाकडे पाहिलं, मग बाईंच्या हातांकडे.

"तुम्ही तर त्याला हातही लावला नाहीत."

"दिव्यातून गेले," बाई म्हणाल्या. "कुलपाबरोबर तपासायला दिलेला तुमचा जिन्यातला दिवा आणि हे कुलूप एकाच नेटवर्कवर आहेत. कुलपाचा पासवर्ड दिव्यात साठवलेला सापडला."

"दिव्याला काय करायचाय पासवर्ड?"

"अहवालात मी तेच विचारलंय."

ही प्रयोगशाळा कोणत्याही कंपनीची नव्हती. इमारतींत बसणारी, इंटरनेटला जोडलेली उपकरणं तपासायची आणि टिकली तर दाखला द्यायचा, एवढंच तिचं काम. त्या दाखल्याविना मालकांचं कुलूप नव्या इमारतीतल्या तीनशे साठ दारांवर बसणार नव्हतं. महिनाअखेरीला लोक राहायला येणार होते.

मालकांनी खुर्ची पुढे ओढली.

"बाई, खरं सांगा. चोराला एवढं डोकं असतं, तर तो चोऱ्या करत फिरला असता का?"

"नसता. तुमच्याकडे नोकरीला लागला असता."

मालक हसले, पण हसू लगेच आवरलं. "निदान 'किरकोळ दोष' असं लिहा. दुरुस्ती काय, आम्ही मागाहून करूच."

बाईंनी एक छापील कागद त्यांच्यापुढे सरकवला. "हे कुलूप सध्या कुठे कुठे बसवलंय ते लिहा. तिथल्या लोकांना कळवावं लागतं."

"अजून विक्रीच नाही, तर बसवणार कुठे?" मालकांनी झोकात 'कुठेही' लिहिलं. 'नाही' लिहायला पेन टेकवलं आणि हात तिथेच थांबला. कागदावर शाईचा ठिपका पसरत गेला.

"आलोच हं," म्हणत ते उठले आणि बाहेर गेले. दार पुरतं लागलं नाही. बाई लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसल्या, तरी ऐकू यायचं ते आलंच.

"आई, जेवलीस का?... बरं, ऐक. दाराला आतून जुनी कडी आहे ना? ती लाव. आत्ताच... काही झालेलं नाही गं... चांगलंच आहे कुलूप... हो, मीच बनवलंय. म्हणून तर सांगतोय!... नाही, मी फोन धरतो, तू कडी लावून ये."

कडी लागल्याचं कळल्यावरच त्यांनी फोन ठेवला.

आत आल्यावर मालकांनी 'कुठेही' खोडलं आणि खाली एकच पत्ता लिहिला. बाईंनी तो वाचला, दुसरा कोरा कागद काढला आणि पहिल्या ओळीवर 'दुरुस्त्या' लिहून आजची तारीख घातली.

"बोला," त्या म्हणाल्या. "दिव्यापासून सुरुवात करू."