पन्नास फुटांचं अंगण

बाटल्यांच्या कारखान्याची चिमणी पाडणार, ही बातमी वहिनींनी आणली तेव्हा दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता. पंधरा दिवसांनी येणारा गुरुवार, सकाळी अकरा, एवढं त्या सांगून गेल्या. तो वळला नाही. वहिनी आत गेल्यावर मला म्हणाला, "बारक्या, तुझा कॅमेरा चालतो का अजून?"

"चालायला हवा."

"चालतो की चालायला हवा?"

"चालतो."

"मग तिचा एक फोटो काढ. पडण्याआधी. पण असा काढ, की पट्टे मोजता आले पाहिजेत."

दादा त्या कारखान्यात गवंडी होता. सव्वीस वर्षं ती चिमणी त्याच्याकडे होती. विटांना तडे जायला लागले तेव्हा दोराच्या पाळण्यात बसून त्याने तिला फूटभर रुंदीचे सात लोखंडी पट्टे आवळले होते, पिंपाला असतात तसे. रोज सकाळी आमच्या इमारतीच्या गच्चीवर दात घासत तो तिच्याकडे बघायचा. एखादा पट्टा तसूभर सरकला तरी त्याला तिथून कळायचं. कारखान्याच्या कचेरीत मालकांचे, यंत्रांचे, एवढंच काय कँटीनच्या मांजराचेही फोटो होते. चिमणीचा एकही नव्हता. मांजराच्या मागे तिचा बुंधा तेवढा आला होता.

सहा महिन्यांपूर्वी दादा पडला, तो बाथरूममध्ये. खुब्याचं हाड मोडलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगायचा, "एवढी वर्षं आकाशात लोंबकळलो आणि शेवटी साबणावरून घसरलो." डॉक्टरांनी हलवायला सक्त मनाई केली होती. त्याच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसायची आणि तिच्यावरचा एक पाइप.

मी त्यांच्याच घरात आतल्या खोलीत राहायचो. छापखान्यात चौतीस वर्षं प्रुफं तपासली, लग्न केलं नाही. निवृत्त झालो तेव्हा सहकाऱ्यांनी वर्गणी काढून हा एसएलआर कॅमेरा दिला. माझ्याकडे बघून कॅमेरा कुणाला का सुचावा, हे मला आजही कळलेलं नाही. मी त्याने जुन्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांचे फोटो काढायचो. मोबाईलमध्ये कॅमेरा नसण्याचे दिवस होते.

गच्चीवर जाऊन बघितलं, तर कॅमेऱ्याच्या छोट्या लेन्समधून चिमणी आगकाडीएवढी दिसत होती. अर्धा किलोमीटर अंतर. कारखान्याभोवतीचे रस्ते पोलिसांनी आधीच बंद केले होते, म्हणजे जवळ जायची सोय नाही. लांबचं जवळ आणणारी लेन्स हवी होती. माझ्या कॅमेऱ्याची लेन्स फिरवून काढता येते आणि दुसरी लावता येते, हे मला तेव्हा माहिती पुस्तिका वाचून कळलं.

दुसरा कुणी असता तर दुसऱ्याच दिवशी दुकानात गेला असता. मी ग्रंथालयात गेलो. लेन्सवरची तीन पुस्तकं आणली, वहीत टिपणं काढली. एकशे पस्तीसची पुरेल की आणखी जवळ आणणारी दोनशेची लागेल, काच किती थरांची असावी, भोक केवढं असावं. तक्ते केले. तक्त्यांत खाडाखोड झाली म्हणून पुन्हा केले.

"लेन्स घेतोयस की लेन्सच्या परीक्षेला बसतोयस?" दादाने विचारलं.

"भाऊजींना मुलगी दाखवली होती, तेव्हाही असंच झालं होतं," वहिनी आतून म्हणाल्या. "यांचा विचार होईपर्यंत तिला दोन मुलं झाली."

"एकच," मी म्हणालो.

"बघा, हिशेब मात्र चोख."

त्या टिपणांत एक गोष्ट अशी होती: प्रत्येक कंपनीच्या कॅमेऱ्याचं तोंड वेगळं असतं आणि लेन्स जिथे बसते तिथपासून फिल्मपर्यंतचं अंतरही वेगळं. मी दोन कंपन्यांचे आकडे शेजारी शेजारी लिहिले होते. दोन मिलिमीटरचा फरक. खाली रेघही मारली होती. पण अर्ध्या किलोमीटरपुढे दोन मिलिमीटर म्हणजे काय, असं मनात येऊन मी पान उलटलं.

बुधवारी दुपारी, म्हणजे अगदी शेवटच्या दिवशी, दुकानात पोचलो. जिन्याखालची खोली होती. कपाटात जुन्या लेन्स रांगेने मांडलेल्या. दुकानदार डोळ्याला लावायचं भिंग कपाळावर चढवून बसला होता.

"बोला."

मी कॅमेरा पुढे केला. "याला दोनशेची हवी होती."

त्याने कॅमेऱ्याचं तोंड उघडून पाहिलं. "या तोंडाची दोनशे नाही. एकशे पस्तीस आहे, पण आतून बुरशी धरलीय." त्याने ती उजेडात धरली. काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही पसरलेलं होतं. "फोटो येतो, पण धुकं पडल्यासारखा." मग त्याने दुसरी काढली. "ही दोनशे. काच बघा, नितळ पाणी. दुसऱ्या कंपनीची आहे, पण मधे ही रिंग घातली की तुमच्यावर बसते." टक्‌ आवाज झाला आणि ती बसलीही. "काय काढायचंय?"

उत्तर एका शब्दाचं होतं. पण माझ्या मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, खांद्यावर भल्या मोठ्या बॅगा घेतलेली, या धंद्यातली. चिमणी म्हटलं असतं तर कुठली, कशाला, असं सगळं आलं असतं. मग दादा, पट्टे, बाथरूम. अनोळखी माणसांसमोर एवढं बोलणं माझ्याच्याने होत नाही.

"घरचेच फोटो," मी म्हणालो.

"घरात दोनशे?"

"अंगणात. मुलं खेळतात."

आमच्या घरात मूल नव्हतं आणि अंगणही नव्हतं.

"अंगण केवढं आहे?"

"असेल... पन्नास फूट."

"मजा आहे बुवा तुमची," मागचा एक जण म्हणाला.

दुकानदाराने लेन्स पुसता पुसता माझ्याकडे पाहिलं. "पन्नासच ना?"

मी मान हलवली.

"मग बिनधास्त न्या."

संध्याकाळी खोलीच्या एका भिंतीला पाठ लावून मी समोरच्या पुस्तकांच्या कण्यांवर लेन्स धरली. बारा फुटांवरून अक्षरांच्या कडा मोजता येत होत्या. एका कण्यावरचा अनुस्वार झिजला होता, तो इतक्या वर्षांत मला दिसला नव्हता. मी कॅमेरा दादाच्या हातात दिला. त्याने तो स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवला.

"अरे, हिच्या हनुवटीवर तीळ आहे."

"चाळीस वर्षं आहे," वहिनी म्हणाल्या. "वर चिमणीकडे बघण्यातून खाली बघायला सवड कुणाला होती?"

दादा हसला. खुबा दुखला असावा, कारण लगेच थांबला. पण कॅमेरा त्याने बराच वेळ खाली ठेवला नाही. "आता पट्ट्यांचे खिळेसुद्धा येतील," तो म्हणाला.

गुरुवारी साडेदहाला मी गच्चीवर गेलो. छोटी लेन्स खाली टेबलावर पुस्तकांत ठेवून आलो होतो. तिचं आता काय काम?

कॅमेरा डोळ्याला लावला. राखाडी लोकरीचा एक जाडसर धागा उभा होता. मी फोकसची कडी फिरवली. ती आडव्या आठच्या खुणेवर, जिथे सगळं लांबचं स्पष्ट दिसायला हवं, तिथे येऊन अडली. लोकर तशीच. वाटलं, माझीच नजर. चष्मा पुसला. चष्मा काढून पाहिलं. परत लावला. मग कॅमेरा गच्चीतल्या वाळत घातलेल्या कपड्यांकडे वळवला, तर चिमट्याच्या तारेचे वेढे दिसत होते. पलीकडची पाण्याची टाकी, तिच्यावरचा गंज, स्पष्ट. टाकीच्या पलीकडे कारखान्याच्या गोदामाचा पत्रा सुरू होत होता, तिथून सगळं पुसून टाकल्यासारखं.

तेव्हा वहीतली ती रेघ आठवली. दोन मिलिमीटर. छापखान्यात मी दोन शब्दांमधली जागा केसभर जास्त झाली म्हणून आख्खं पान परत पाठवायचो.

पहिला भोंगा झाला. चार मजले उतरून छोटी लेन्स आणावी का? तिच्यात चिमणी आगकाडीएवढीच येणार, पट्टे येणार नाहीत. दुकान वीस मिनिटांवर. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ आपल्या बायकोला घेऊन कठड्याशी उभे होते. त्यांनी विचारलं, "काय काका, निघतायत ना फोटो?"

"निघतायत," मी म्हणालो आणि बटण दाबलं. त्यांनी बघितलं म्हणून आणखी दोनदा दाबलं, मग दाबतच राहिलो.

दुसरा भोंगा झाला तेव्हा, आगकाडी तर आगकाडी, असं म्हणून जिन्याकडे धावलो. दोन मजले उतरलो. तिथे मनात आलं, की वर परत येईपर्यंत काहीच उरलं नाही तर? धागा तरी हातचा का घालवावा? पुन्हा चढलो. तिसरा भोंगा झाला तेव्हा दारातच होतो, धापा टाकत. चष्मा खिशात कोंबला, कॅमेरा डोळ्याला लावला आणि कडी पिळत राहिलो, जणू आणखी जोर लावला की ती आठच्या पुढे जाईल.

लोकरीचा धागा खाली बसला. सावकाश, गुडघे दुखणाऱ्या माणसासारखा. आवाज मागाहून आला. चष्मा सापडेपर्यंत समोर नुसती धूळ होती.

चाळीस वर्षं मी त्या चिमणीच्या समोर राहिलो. तिचे पट्टे नुसत्या डोळ्यांनी मी कधीच मोजले नव्हते, आणि ती पडतानाही पाहिली नाही.

खाली गेलो, तर दादा दाराकडे बघत होता.

"पेल्यातलं पाणी हललं," तो म्हणाला. "आले?"

"रोल धुवायचाय."

"किती काढलेस?"

"बावीस."

"मग एखाद्यात तरी सगळे पट्टे येतील की."

"धुतल्यावर कळेल, दादा."

आठवड्याने फोटो घेऊन त्याच दुकानदाराकडे गेलो. तिथे आता कुणी गिऱ्हाईक नव्हतं. त्याने भिंग डोळ्यावर ओढून एक-एक फोटो पाहिला.

"अंगणात चिमणी?"

मी सगळं सांगितलं. रिकाम्या दुकानात ते दोन मिनिटांत सांगून झालं.

"अहो, त्या रिंगवर ही लेन्स साठ-पासष्ट फुटांपुढे आंधळी आहे," तो म्हणाला. "म्हणून तर दोनदा विचारलं." त्याला राग आला नव्हता, त्याचंच जास्त वाईट वाटलं. "नुसतं चिमणी म्हणाला असतात तर ती बुरशीवाली दिली असती. धुक्यात का होईना, पट्टे मोजता आले असते."

बावीसपैकी त्यातल्या त्यात बरा फोटो मी निवडला. निवडायला तासभर लावला. वहिनींनी तो उलटासुलटा करून पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, जेवून घ्या आधी. मग दाखवा."

जेवलो. दाखवला.

दादाने फोटो आधी डोळ्यांजवळ धरला, मग हात लांब करून धरला. पाइपवाल्या भिंतीवरून उजेड येत होता, त्याकडे वळवला. त्याचे ओठ हलले, थांबले, पुन्हा पहिल्यापासून हलले.

"माझ्या मोतीबिंदूतून काही दिसत नाही," तो म्हणाला. "तू मोज. जन्मभर बारीक अक्षरं वाचलीस."

मी पलंगाच्या कडेवर बसलो. खिशातली पेन्सिल काढली, प्रुफांची सवय. तिचं टोक त्या राखाडी धाग्याच्या तळाशी टेकवलं. मूळ प्रतीत नसलेलं अक्षर मी छापील पानात कधी राहू दिलं नव्हतं.

"एक," मी म्हणालो. टोक थोडं वर सरकवलं. "दोन. तीन." दादा माझ्या पेन्सिलीकडे बघत होता. "चार, पाच. हा सहावा. आणि हा वरचा, सात."

आत वहिनींच्या भांड्यांचा आवाज थांबला होता.

"गच्चीवरून सात दिसत नाहीत, बारक्या," दादा म्हणाला. "सगळ्यात खालचा गोदामाच्या पत्र्याआड जातो. तिथून सहाच दिसतात."

मला मान वर करता येईना. फोटो अजून त्याच्याच हातात होता. तो त्याने किंचित माझ्याकडे कलता केला, मला नीट दिसावं म्हणून.

"पुन्हा मोज," तो म्हणाला आणि डोळे मिटून घेतले.

मी पेन्सिल उचलली. पत्रा कुठे संपत असेल तिथे, अंदाजाने, टोक ठेवलं आणि सावकाश सहापर्यंत मोजलं.