थळेकाकांचा उंट

चांगदेव थळे खतांच्या कारखान्यात तेहतीस वर्षं स्टोअरकीपर होता. बुद्धिबळ तो तिथेच शिकला, जेवणाच्या सुट्टीत, एका बंगाली इंजिनियरकडून. पुढे इंजिनियर बदली होऊन गेला आणि पट चांगदेवकडे राहिला. निवृत्त झाल्यावर त्याने थळच्या समाजमंदिरात दर रविवारी सकाळी गावातल्या पोरांना खेळ शिकवायला सुरुवात केली. फी कधी घेतली नाही. कोणी देऊ केलीच तर म्हणायचा, त्यापेक्षा पोराला वेळेवर पाठवा.

पोरं यायची, सहा महिन्यांत क्रिकेटकडे वळायची. टिकली एकटी हेमाली, विनेश घरतची मुलगी. विनेशचे दोन टँकर होते, तो कायम रस्त्यावर असायचा. हेमाली सातव्या वर्षापासून चांगदेवकडे आली. घरचा डबा घेऊन यायची आणि बाकीची पोरं गेली तरी दुपारपर्यंत त्याच्याशी खेळत बसायची. दहाव्या वर्षी तिने त्याला पहिल्यांदा हरवलं, तेव्हा त्याने घरी जाऊन बायकोला, आवडाबाईला, तो डाव पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितला. आवडाबाईला त्यातलं काही कळलं नाही, पण नवरा हरून आल्यावर एवढा खुशीत तिने कधी पाहिला नव्हता.

हेमालीचं हुकमी हत्यार होतं ते चांगदेवनेच दिलेलं. चौथ्याच खेळीला आपला उंट एका प्याद्यासाठी मरायला टाकायचा, त्या बदल्यात समोरचा राजा उघड्यावर ओढायचा आणि मग घोडा, वजीर घेऊन त्याच्या पाठी लागायचं. गावातली पोरं त्याला ‘थळेकाकांचा उंट’ म्हणत. या उंटावर तिने तालुका जिंकला, अलिबागला जिल्हास्पर्धा जिंकली. राज्यस्पर्धेत मात्र नऊ डावांत तिचे तीनच गुण झाले. तिथल्या मुलींनी उंट खाल्ला आणि राजाला शांतपणे परत घरात नेऊन बसवलं.

त्यानंतर आठवड्याभरात विनेश पेढे घेऊन चांगदेवच्या ओटीवर आला. बोलला सगळं मानानेच. तुमचे उपकार आहेत, तुम्ही नसता तर पोरीने पट बघितला नसता. पण आता पुढे जायचं तर मोठ्या खेळाडूंकडूनच शिकायला हवं. ऑनलाइन क्लास आहे, शिकवणारे सगळे किताब मिळवलेले, तीस जणांची बॅच, आठवड्यातून तीन संध्याकाळी. तीन महिन्यांचे अठरा हजार त्याने भरूनही टाकले होते. चांगदेवने पेढा तोंडात टाकला आणि चांगलं केलंस म्हणाला. रविवारी ती येईलच, असं विनेश उठता उठता म्हणाला. ती दोन रविवार आली. तिसऱ्या रविवारी क्लासची स्पर्धा होती. नंतर तिने कारण सांगणंही सोडलं.

चांगदेवला राग आला नव्हता, निदान तो स्वतःला तसं सांगत होता. त्याला फक्त बघायचं होतं, तिथे असं काय शिकवतात. एका दुपारी त्याने माणगावला दिलेल्या मुलीला, जागृतीला, फोन लावला आणि आपल्या पैशांतून तिच्याकडून त्याच क्लासची फी भरून घेतली. आवडाबाई म्हणाली, तुमचा गुडघा दाखवायला पैसे नव्हते ना? त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

क्लासला वयाची अट नव्हती. आधी एक परीक्षा घेत आणि त्यावरून बॅच ठरे. चांगदेवला मनातून वाटत होतं, आपल्याला वरच्या बॅचमध्ये टाकतील. त्याला हेमालीच्याच बॅचमध्ये टाकलं. पडद्यावर त्याचं नाव आलं ‘सी. डी. थळे’. कॅमेरा त्याने बंद ठेवला. थळमध्ये निम्मं गाव थळे, आणि त्याला सी. डी. म्हणणारं गावात कोणी नव्हतं.

शिकवणारा बावीस-तेवीस वर्षांचा भोपाळचा मुलगा होता. टी-शर्ट घालून बसायचा, मध्येच पाणी प्यायचा. चांगदेव त्याच्यात खोट शोधायला बसला होता आणि पहिल्याच संध्याकाळी त्याच्या लक्षात आलं की हा मुलगा फार चांगलं शिकवतो. कुठली सोंगटी का हलली, हे तो असं सांगायचा की कारखान्यातल्या त्या इंजिनियरने जे कधीच सांगितलं नाही ते चांगदेवला अर्ध्या तासात कळायचं. त्याने वही सुरू केली. पहिला महिना तो संध्याकाळची वाट बघत राहिला. दिवसा जेवताना मात्र एकेक गोष्ट आठवायची. प्यादी अशी पुढे ढकलू नयेत, हत्ती असा कोपऱ्यात ठेवू नये, आणि हे सगळं आपण पोरांना नेमकं उलटं शिकवलं, दर रविवारी, छाती पुढे काढून.

दुसऱ्या महिन्यात शिकवणाऱ्याने मुलांचे हरलेले डाव मागवले. एकेका संध्याकाळी एकेक डाव पडद्यावर घेऊन तो चुका दाखवायचा. एका बुधवारी हेमालीचा राज्यस्पर्धेतला डाव आला. चौथी खेळी आली, उंट प्याद्यावर जाऊन बसला, तसा तो मुलगा थांबला आणि हसला. वाईट हसला नाही. पण बाजूच्या चॅटमध्ये बाकीच्या मुलांनी हसणाऱ्या तोंडांची रांग लावली. कोणीतरी उंटाचं चित्र टाकलं. हे शाळेतल्या पोरांना घाबरवायला ठीक आहे, तो म्हणाला, समोरच्याने फक्त घाबरायचं नाही, की डाव संपला. मग त्याने विचारलं, "हेमाली, ये किसने सिखाया?"

हेमालीचा चौकोन उजळला. मागे तिच्या घरातली हिरवी भिंत, भिंतीवर जिल्ह्याची ढाल.

"किसी ने नहीं, सर. यूट्यूब पे देखा था."

चांगदेवने वहीत काही लिहायला घेतलं होतं. पेन तसंच हातात राहिलं. हसणारी तोंडं अजून वर सरकत होती. शिकवणारा पुढच्या खेळीकडे वळलाही होता. हा मुलगा पुढे जाईल आणि ही गोष्ट इथेच संपेल, कोणाला काही कळणार नाही, हे चांगदेवला स्पष्ट दिसत होतं. तरी त्याने बोट नेलं आणि आपला माइक चालू केला.

"सर, वो मैंने सिखाया है," तो म्हणाला. "थळ में. छह साल मेरे पास सीखी है वो."

एवढं बोलून त्याने कॅमेराही चालू केला. तो का चालू केला, ते त्याला नंतर कधी सांगता आलं नाही. तीस चौकोनांत एक म्हातारा उगवला, अंगात बनियन, मागे आवडाबाईने वाळत घातलेले कपडे. चॅट थांबलं. शिकवणारा गोंधळला, मग सावरून म्हणाला की पाया तर उत्तम घातलाय सर तुम्ही. ते ऐकून चांगदेवचे कान तापले. त्याने हेमालीचा चौकोन शोधला. तो तिथे नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनेश आला. या वेळी ओटीवर बसला नाही.

"काका, तुम्हाला क्लास करायचा होता तर मला सांगायचं. मी काय नको बोललो असतो?"

चांगदेव म्हणाला, मी काही लपून बसलो नव्हतो. पण ते खोटं होतं आणि दोघांनाही ते ठाऊक होतं.

"पोर रात्री जेवली न्हाय," विनेश म्हणाला. "तीस जणांत तुम्ही तिला खोटी पाडलीत. तेरा वर्षांची पोर हाय ती, काका."

"आणि तिने मला काय पाडलं?" चांगदेवने विचारलं.

विनेशने चपला पायात सरकवल्या. तुम्ही त्या क्लासमध्ये असलात तर ती तोंड उघडणार नाही, तेव्हा तुम्हीच काय ते बघा, एवढं सांगून तो गेला. चांगदेवने त्याच दुपारी आपलं नाव काढून घेतलं. राहिलेल्या दिवसांचे पैसे परत मिळणार नव्हते, ते त्याने मागितलेही नाहीत.

त्याला वाटलं होतं, आता तरी तिचं सुरळीत चालेल. तसं झालं नाही. ती क्लासला बसायची, पण कॅमेरा बंद, माइक बंद. तिथल्या पोरांनी तिचं नाव ‘उंट’ ठेवलं होतं, हे चांगदेवला कोणाकडून तरी कळलं. तीन महिने संपल्यावर विनेशने फी पुन्हा भरली नाही. जिल्हास्पर्धेला तिचं नाव नव्हतं. समाजमंदिरातला वर्गही चांगदेवने बंद केला. जुनं शिकवायला तोंड उघडेना, आणि नवीन होतं ते अर्ध्या वहीपर्यंतच. गुडघ्याचं दुखणं त्याने लोकांना कारण म्हणून सांगितलं.

पुढच्या वर्षी जानेवारीत तो अलिबागला बँकेत गेला होता. परतताना एसटी स्टँडवर हेमाली दिसली. सायन्सच्या क्लासची बॅग पाठीवर, उंची वाढलेली, सोबत दोन मैत्रिणी. तिने त्याला बघितलं आणि मैत्रिणींना थांबायला सांगून ती स्वतःहून त्याच्याकडे आली. गुडघा कसा आहे म्हणून विचारलं. बरा आहे, तो म्हणाला.

"खेळतेस का गं अजून?"

"न्हाय, काका. आता नववी हाय."

त्याने मान हलवली. मग वर्षभर तोंडात धरलेलं बाहेर पडलंच.

"नाव घेतलं असतंस माझं, तर काय बिघडलं असतं?"

तिने बॅगेचा पट्टा सारखा केला. "ते हसत होते, काका," ती म्हणाली. "तुमचं नाव सांगितलं असतं तर तुमच्यावर हसले असते. मला ते नको होतं. तुम्ही तिथंच बसलायत, ते मला काय माहीत?"

आवाजात राग नव्हता. शाळेतल्या मास्तरांना उत्तर द्यावं तसं तिने दिलं आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत उभी राहिली. चांगदेवने इतके महिने तिच्याबद्दल जे जे मनात धरलं होतं, आवडाबाईला जे जे ऐकवलं होतं, कृतघ्न, पैशाची भूल, सगळं आता कुठे ठेवावं हे त्याला कळेना. माफी मागावी असं आलं मनात. पण सोबतच्या पोरी बघत होत्या, आणि अडुसष्टाव्या वर्षी चौदा वर्षांच्या पोरीची माफी कशी मागतात, हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

"अभ्यास कर नीट," तो म्हणाला.

"व्हय, काका."

थळची गाडी लागली. तिने त्याला पुढे चढू दिलं, खिडकीची जागा मिळवून दिली आणि मैत्रिणींबरोबर मागे जाऊन उभी राहिली. गाडीभर पोरींची बडबड चालू होती, परीक्षा, गॅदरिंग, कोणाचा तरी वाढदिवस. चांगदेव खिडकीतून बाहेर बघत कान देऊन ऐकत होता. बुद्धिबळाचं नाव त्यांच्यात कोणी काढलं नाही.