वावर नसावा

जमिनीच्या सिलिंगचा कायदा आला त्या साली कडूबाच्या सुनेला डोंबिवलीत एक खोली मिळायची होती, आणि ती एका कान्यापायी हातची जायची वेळ आली. काना म्हणजे अक्षराच्या पुढं मारतात ती उभी रेघ, तेवढीच. तुम्ही म्हणाल, रेघेपायी कुठं खोली जाते का? जाते बापा. ऐका तर खरं.

गाव मलकापूरपासून तीन कोसावर. कडूबा चौदा एकरांचा धनी, तोंडानं फटकळ आणि मनानं मऊ. त्याचा एकुलता एक पोरगा निवृत्ती लग्नानंतर वर्षभरातच ठाण्याच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागला, आणि त्याची बायको रुख्मिणी इथंच सासू-सासऱ्यांजवळ राहिली. त्याला आता दोन वर्षं होत आली होती. तिकडं निवृत्ती नऊ गड्यांबरोबर एका खोलीत झोपायचा. पाळ्या वेगवेगळ्या होत्या म्हणून जागा पुरायची. दिवाळीला आठ दिवस घरी यायचा, त्यातले दोन दिवस नुसते झोपेत जायचे. नवऱ्याचा चेहरा आठवायला रुख्मिणीला आताशा डोळे मिटून बसावं लागे. हे ती कोणाला बोलली नव्हती, पण तिला त्याची फार भीती वाटायची.

कडूबानं तिला शब्द दिला होता. "खोली भेटली का दुसऱ्या दिवशी तुले गाडीत बसवून देतो. पण दहा गड्याइच्या कोंडवाड्यात माही सून जाणार नाही."

निवृत्ती दर रविवारी खोली शोधत हिंडायचा. दादरला पागडीचा आकडा ऐकूनच तो माघारी फिरला. मग लोकलच्या लाइनीवर एकेक स्टेशन पुढं सरकत गेला. एकट्या माणसाला कोणी दारात उभं करीना. पत्रात त्यानं लिहिलं, की मुंबईपासून जितकं लांब जावं तितकं भाडं उतरत जातं. हे कडूबाला भारी नवल वाटलं. तो तंबाखू मळत बराच वेळ विचार करत बसला.

"मलकापूर त्याच लाइनीवर हाय न?" तो म्हणाला. "मंग मलकापूरले तं खोली फुकटच भेटत असन. त्याले लिहा, येथूनच जात जाय म्हणा रोज."

"अन् जेवाले कवा येईन तो?" त्याची बायको झुंबरबाई म्हणाली. "बसा गुमान."

शेवटी पोळा झाल्यावर पत्र आलं, की डोंबिवलीत खोली पाहिली आहे. लांबी बारा फूट, रुंदी दहा फूट, कोपऱ्यात मोरी, नळ बाहेर सामाईक, स्टेशन चालत दहा मिनिटं. भाडं पगारात बसतं. रुख्मिणी सातवीपर्यंत शिकलेली. तिनं ते पत्र इतक्यांदा वाचलं, की घडीवर कागद फाटला. दुसऱ्या दिवशी तिनं अंगणात राखेनं ती खोली आखली. निवृत्तीची जुनी वहाण एक फूट धरली आणि बारा वहाणा लांब, दहा वहाणा रुंद अशी रेघ ओढली. इथं चूल, इथं भांडी, इथं अंथरूण, असं ती एकटीच त्या चौकोनात फिरून पाहू लागली. शेजारच्या मंजुळाबाई आणि अन्नपूर्णाबाई काखेतल्या घागरी न उतरवता बघत उभ्या राहिल्या.

"मोरी घरातच?" मंजुळाबाईनं विचारलं.

"हाव, ह्या कोपऱ्यात."

"म्हंजे तेथीच रांधाचं अन् तेथीच न्हाचं? अन् त्या वक्ताले माणूस कोठी जाईन?"

"बाहीर," रुख्मिणी म्हणाली आणि लाजली. तिला त्या मोरीचंही कौतुक वाटत होतं, आता काय सांगावं.

पण पत्राबरोबर एक चिठ्ठी होती, खुद्द घरमालकाच्या हातची. त्यांचं आडनाव टिपणीस. त्यांनी लिहिलं होतं: 'जागेत वावर फार नसावा, ही आमची मुख्य अट आहे. तरी आपल्याकडे वावर किती, हे घरातील वडील माणसाने स्वतः कळवावे. मागाहून तक्रार नको.'

आता आमच्याकडं वावर म्हणजे शेत. माणूस वावरात जातो, वावर नांगरतो, वावर विकतो आणि मग रडतो. दुसरा अर्थ कोणाच्या बापाला ठाऊक? कडूबानं लगेच उकंडरावांना बोलावणं धाडलं. उकंडराव ग्रामपंचायतीचे मेंबर. गावातली सगळी कागदपत्रं तेच वाचायचे, आणि समजलं नाही तर जास्त मोठ्यानं वाचायचे. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली.

"यात मेख हाय," ते म्हणाले. "सिलिंगचा कायदा आला. सरकार कोणाचं वावर किती ते मोजून राह्यलं. हा टिपणीस सरकारचा माणूस असन."

"पण भाड्याच्या खोलीले माह्या वावराशी काय करनं हाय?" कडूबानं विचारलं.

"भाडं कशाच्या भरोशावर देईन तुहा पोरगा, हे त्याले पाहाचं असन. म्हने फार नसावं. थे उलटं लिहिलं. शहरातले लोक उलटंच बोलतात. मनात असते का भरपूर पाह्यजे."

रुख्मिणी दाराआड उभी होती. चिठ्ठी तिनं आधीच वाचली होती, आणि एक गोष्ट तिला कुसळासारखी टोचत होती. ती हळूच सासूला म्हणाली, "आत्याबाई, वावर तं 'नसावं' पाह्यजे. त्यानं 'नसावा' काऊन लिहिलं?"

झुंबरबाईनं ते बाहेर सांगितलं. उकंडराव पोट धरून हसले.

"बाई, थो मुंबईकडचा माणूस. त्याले तूर अन् पऱ्हाटी ओळखू येत नाही, तं वावर बाई हाय का बुवा, थे कोठून समजन?"

सगळे हसले. रुख्मिणी परत चुलीकडं वळली. चार मोठ्या माणसांत सुनेनं एकदा बोलावं हेच पुष्कळ झालं. पण टिपणीसांचं अक्षर मोत्यासारखं होतं. असा माणूस काना चुकेल हे तिला काही पटेना.

उकंडरावांनी बैठक मारून जबाब लिहिला. 'आमचे वावर भरपूर आहे, काळजी नसावी. हंगामात वीस-पंचवीस बाया असतात, चार गडी बारमाही आहेत, बैलजोड्या दोन. पुढील साली आणखी वाढविण्याचा विचार आहे. कडूबा.' कडूबाला चौदा एकर असं आकड्यात लिहायचं होतं. उकंडराव म्हणाले, सिलिंगचे दिवस आहेत, आकडा कशाला द्यायचा? पत्र त्याच दिवशी टपालात गेलं.

दुसऱ्या दिवशी रुख्मिणी विहिरीवरून येताना शाळेच्या कुडापाशी थांबली. आत बेबीताई होत्या, शाळेतल्या मास्तरीणबाई. वर्षापूर्वीच बदलून आलेल्या, वयानं रुख्मिणीएवढ्याच. मधल्या सुट्टीत त्या पोरांच्या पाट्या तपासत होत्या.

"ताई, वावर नसावा म्हणतात का नसावं?"

बेबीताईंनी मान वर केली. "कुठं वाचलं?"

रुख्मिणीनं चिठ्ठीतलं वाक्य तोंडपाठ म्हणून दाखवलं. बेबीताई आधी हसल्या, मग त्यांनी समजावून सांगितलं. पुस्तकातल्या मराठीत वावर म्हणजे माणसांचं येणंजाणं, उठणंबसणं. 'देवळात साधूंचा वावर असे,' असं वाचनमालेत असतं. घरमालक विचारतो आहे, की खोलीत माणसं किती येतील-जातील.

रुख्मिणीला आधी हसू फुटलं. मग पत्रातल्या पंचवीस बाया आठवल्या. घागर तिथंच ठेवून ती घरी निघाली, आणि अर्ध्या वाटेवर घागर आठवून परत फिरली.

सासऱ्याला सांगायचं कसं? पण न सांगून चालणार नव्हतं. कडूबा न्याहारीला बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि भाकरीचा तुकडा परत ताटात ठेवला.

"म्हंजे म्या त्या भल्या माणसाले कळवलं, का तुह्या खोलीत पंचवीस बाया येतीन?"

"हाव, मामाजी."

"अन् दोन बैलजोड्या?"

"हाव."

"अन् पुढच्या साली वाढवतो म्हणून?"

झुंबरबाई पदर तोंडात कोंबून चुलीकडं वळली. तिचे खांदे हलत होते. कडूबा मात्र हसला नाही. "उकंड्या," तो एवढंच म्हणाला, आणि त्या एका शब्दात पुष्कळ काही होतं.

दहा दिवसांनी निवृत्तीचं पत्र आलं. टिपणीस रागानं लालबुंद झाले होते. ही बिऱ्हाडाची जागा आहे, गुरांचा बाजार नव्हे, असं त्यांनी चार भाडेकरूंसमोर सुनावलं. निवृत्तीनं अर्धा दिवस बसून त्यांना वावराचा अर्थ सांगितला, तेव्हा कुठं ते शांत झाले. पण अट काही सुटली नाही. आधीच्या बिऱ्हाडाकडं गावचे पाहुणे महिना महिना मुक्काम ठोकायचे, नळावर रोज भांडणं व्हायची, म्हणून त्यांनी हाय खाल्ली होती. शेवटी निवृत्तीनं लिहिलं होतं: 'बाबा, गावाकडून कोणाचाही वावर राहणार नाही, असं तुमच्या सहीनं सरळ टिपणीसांना लिहून पाठवा. या महिन्याअखेरपर्यंत ते थांबतात. नाहीतर दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.'

रुख्मिणीनं हे वाचून दाखवलं आणि खाली मान घातली.  कडूबा उठला, फडताळातून दौत-टाक घेऊन आला.

"उकंडरावले बलावू?" झुंबरबाईनं विचारलं.

"तोंड नको पाहू देऊ त्याचं. सूनबाई, तूच लिही."

रुख्मिणी लिहायला बसली. कडूबा शब्द न शब्द सांगू लागला. "लिही, का गावाकडून कोणाचं येनंजानं राहणार नाही. पाव्हना नाही, राव्हना नाही. मी सोता येणार नाही. पोराची मायही येणार नाही."

टाक थांबला.

"लिही न वं. मले काय काम हाय तेथी? अन् मी गेल्यावर वावर कोन पाहीन?"

हाच तो कडूबा. लोकलगाडीला इंजन नसतं म्हणतात मग ती चालते कशी, हे त्यानं महिनाभर ज्याला त्याला विचारलं होतं. समुद्राचं पाणी खारट, तर मासे कसे जगतात, हेही. पोराच्या दारात एकदा बसून यावं, ही त्याची हौस सगळ्या घराला माहीत होती. रुख्मिणीला खोली हवी होती. इतकी हवी होती, की त्या दिवशी तिनं कशाच्याही खाली सही केली असती. म्हणून तिनं सांगितलं तसं लिहिलं, आणि लिहिताना तिला स्वतःची लाज वाटली. कडूबानं वाकड्यातिकड्या अक्षरांत आपलं नाव काढलं आणि तो बैलांना पाणी पाजायला गेला.

कागदावर खाली चार बोटं जागा उरली होती. रुख्मिणीनं एकदा गोठ्याकडं पाहिलं. मग टाक बुडवून तिनं भराभर लिहिलं: 'ता. क. वरील मजकूर सासऱ्यांनी सांगितला तो मी लिहिला. परंतु सासू-सासरे वर्षातून एकदा आठ दिवस येतील. ते चालत नसल्यास खोली दुसऱ्यास द्यावी. सौ. रुख्मिणी.' पाकीट चिकटवून तिनं ते स्वतःच्या हातानं पोस्टमनला दिलं. तो सायकलवर टांग मारून दिसेनासा झाला आणि तिला रडूच कोसळलं. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला, असं तिला पुढचे कितीतरी दिवस वाटत राहिलं. ती जेवेना. झुंबरबाईनं विचारलं, तर कापसाची धूळ डोळ्यात गेली म्हणाली.

महिना संपायला तीन दिवस उरले असताना पोस्टकार्ड आलं. मोत्यासारखं अक्षर. कडूबा ओट्यावर बसला होता, शेजारी झुंबरबाई तूर निवडत होती.

"वाच," कडूबा म्हणाला.

रुख्मिणीनं एकदा मनात वाचलं. मधलं एक वाक्य तिला गाळता आलं असतं. तिनं गाळलं नाही.

"'आपले पत्र पोचले. खोली एक तारखेपासून आपल्या नावे धरली आहे. सासू-सासऱ्यांनी वर्षातून चार दिवस यावयास हरकत नाही. आठ फार होतात. कळावे, टिपणीस.'"

झुंबरबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. कडूबानं कार्ड मागून घेतलं, त्याला वाचता येत होतं तेवढं वाचलं, आणि ते परत दिलं.

"हे चार दिवस कोठून आले? म्या तं येणार नाही म्हणून सांगतलं होतं."

"खाली म्या आठ लिहिले होते, मामाजी. नाहीतं खोली नको म्हणून."

 कडूबानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि ते लपवलेही नाही.

"अन् खोली गेली असती तं?"

"गेली असती."

"येडी हायस तू," तो म्हणाला. "सोळा लिहाले पाह्यजे होते. मंग आठ भेटले असते."