थॉर्नमियरच्या छपरावरचा कोंबडा

मित्रांनो, एका जागी गप्प उभे राहणे मला कधीच जमले नाही. ती माझी खोड नाही. मला घडवलेच तसे आहे. मी तांब्याच्या पत्र्याचा कोंबडा आहे, वातकुक्कुट. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर थॉर्नमियर नावाची मुलांची निवासी शाळा होती. तिच्या छपराच्या अगदी टोकावर माझे सारे आयुष्य गेले. वारा जिकडून येई तिकडे मी चोच करी. समुद्रावरून आला की समुद्राकडे, शेतांवरून आला की शेतांकडे. दिवसातून कितीदा वळत असेन, याचा हिशेब मी कधी ठेवला नाही.

मला घडवले एबेल स्नेलिंग नावाच्या तांबटाने. शेपटीचे शेवटचे पीस ठोकून झाले, तेव्हा त्याने मला खुंटावर बसवले आणि हळूच फुंकर मारली. मी गर्रकन वळलो.

"बघ, झाला की नाही जिवंत?" तो बायकोला म्हणाला.

"जिवंत झालाय ना? मग उद्यापासून अंडी घाल म्हणावं."

"अगं, कोंबडा आहे तो!"

"म्हणजे नुसताच खाणार आणि ओरडणार. तुझ्यासारखा."

दोघे खूप हसले. मला मात्र हसण्यात रस नव्हता. दार उघडे होते आणि बाहेर वारा होता.

थॉर्नमियर पूर्वी एका जहाजमालकाचे घर होते. ते लँगरिज नावाच्या मास्तरांनी घेतले आणि तिथे शाळा काढली. आठ वर्षांची मुले यायची, तेरा वर्षांची होऊन जायची. मोठ्या, नामांकित शाळांत प्रवेश मिळावा म्हणून त्यांना इथे तयार करायचे. सप्टेंबरात फाटकाशी मोटारी थांबत. ट्रंका उतरत. आई रुमाल हलवी, वडील मुलाशी हस्तांदोलन करीत. आठ वर्षांच्या मुलाशी, जणू काही व्यवहार पुरा झाला आहे. मग मोटार वळे आणि मुलगा पाठमोरा उभा राही. कोणाचे आईवडील मलायात रबराच्या मळ्यावर, कोणाचे केनियात, कोणाचे सिलोनला. पहिल्या आठवड्यात मुले खिडकीतून माझ्याकडे पाहत राहत. त्या घरात त्यांच्याइतका अस्वस्थ मीच काय तो होतो.

जेवणघरात एक मोठी लाकडी पाटी होती. ज्यांनी पुढे नाव काढले, त्यांची नावे तिच्यावर सोनेरी अक्षरांत लिहिली जात. एक सेनापती झाला, एक बिशप झाला, एकाने बर्फाळ प्रदेशांचे नकाशे काढले. पाहुणे आले की हेडमास्तर त्यांना पाटीपुढे नेत. मी ती पाटी कधी पाहिली नाही. पण ती माणसे मात्र लहानपणी पाहिली होती. पुढे सेनापती झालेला मुलगा पहिल्या वर्षी अंथरूण ओले करी. उजाडायच्या आत तो छपराच्या झडपेतून वर येई, धुराड्याआड चादर पसरी आणि मला म्हणे, "लवकर वाळव रे बाबा, घंटा व्हायच्या आत वाळव." वारा असेल तर मी आनंदाने फिरे. वारा नसेल तर दोघांचाही जीव टांगणीला लागे. बिशपने स्वयंपाकघराच्या बागेतले नासपतीचे झाड सलग तीन वर्षे लुटले आणि एकदाही पकडला गेला नाही. लोकांना मोठी झालेली माणसे आठवतात. मला मुलेच आठवतात.

मग दुसरे महायुद्ध आले. मुलांना आत डोंगराकडच्या गावात हलवले आणि शाळेत सैनिक राहायला आले. ती तरुण पोरे कंटाळलेली होती. एका दुपारी त्यांनी माझ्यावर नेम धरायला सुरुवात केली. एक गोळी माझ्या शेपटीतून आरपार गेली. दुसरी खाली, मी ज्या खुंटावर फिरतो त्याच्या खोबणीला लागली. खोबण चेपली. मी तेव्हा समुद्राकडे तोंड करून होतो. तसाच अडकलो.

मित्रांनो, ती वर्षे कशी गेली ते मी कसे सांगू? वारा मागून येई, पाठीवर आदळे, शेपटीच्या भोकातून शीळ घाली, आणि मला वळता येत नसे. युद्ध संपले, मुले परत आली. पूर्वी दर वसंतात छप्परवाला तेलाची बुधली घेऊन वर येई. आता कोणी येईना. शाळेकडे पैसे कमी होते आणि खालून पाहिले तर मी ठीकच दिसत होतो. ताठ, चमकदार, समुद्राकडे पाहणारा. "किती डौलदार आहे हो तुमचा कोंबडा!" पालक म्हणत. आणि मी दिवसरात्र खोटे बोलत होतो.

त्याच सुमारास जाइल्स पेनरोज शाळेत आला. वय दहा, कान मोठे, बोलणे कमी. त्याचे आईवडील मलायात होते. आई ज्या बोटीने येणार, ती कुठवर आली असेल याचा विचार करीत तो तासन्‌तास आभाळ पाही. ढग, धूर, समुद्रपक्षी, वाळत घातलेले कपडे, सगळ्यांवर त्याची नजर असे. मुले त्याला 'ढगोबा' म्हणत.

एका मे महिन्याच्या सकाळी मुलांना शिडाच्या होड्यांतून न्यायचे ठरले. नेणारे होते डेकर सर. लॅटिन शिकवणारे, तरुण, उत्साही. होड्यांचे काम त्यांच्याकडे नुकतेच आले होते. त्यांनी अंगणातून माझ्याकडे पाहिले आणि हात चोळले.

"वा! वारा समुद्रावरून येतोय. म्हणजे काही बिघडलंच, तरी तोच आपल्याला किनाऱ्याला आणून सोडेल. चला!"

"सर," पेनरोज म्हणाला, "तो कोंबडा अडकलाय."

"काय?"

"स्वयंपाकघराचा धूर बघा ना, सर. समुद्राकडे चाललाय. वारा जमिनीवरून आहे. टेकडीच्या आडोशाला आहोत म्हणून खाली लागत नाहीये."

सगळ्यात मोठा मुलगा सेसिल हॉब्डे. तो शाळेचा कप्तान होता. तो हसला. "सर, ढगोबाला पाण्याची भीती वाटते. कोंबड्याचं नाव पुढे करतोय."

"मी नाही घाबरत!"

"तुझ्या पणजोबांच्या वेळेपासून तो कोंबडा तिथे आहे, पेनरोज," डेकर सर म्हणाले. "तो खोटा आणि तू खरा? जा, वर्गात बस आणि क्रियापदं पाठ कर. संध्याकाळी म्हणून घेईन."

मी सगळी ताकद एकवटली. एक बोटभर जरी हललो असतो, तरी पुरे होते. नाही हललो. मुले गाणी म्हणत किनाऱ्याकडे गेली.

किनाऱ्याजवळ पाणी तळ्यासारखे शांत होते, कारण मागे टेकडी होती. दोन्ही होड्या मजेत निघाल्या. मात्र टेकडीचा आडोसा संपला तसा मागून वारा त्यांच्यावर तुटून पडला. वरून मला सगळे दिसत होते. पुढच्या होडीचे शीड फाटले. दुसरी परत फिरायला पाही आणि प्रत्येक वेळी आणखीच दूर जाई. लाटांवर पांढरा फेस आला.

वर्गाच्या खिडकीतून पेनरोजनेही ते पाहिले. तो धावत मेट्रनकडे गेला. मेट्रन, म्हणजे मुलांची देखभाल पाहणाऱ्या मिस बॉडली, अंगाने जाड, आवाजाने मोठ्या. मुलांचे खोकले आणि गळवे ही त्यांची सत्ता. त्यांनी एकही प्रश्न न विचारता कोळ्यांच्या वाडीत फोन लावला. कोळ्यांनी मोटरबोट पाण्यात लोटली. पण खालून त्यांना होड्या दिसेनात. पाण्यावर उडालेल्या तुषारांचे धुके होते आणि लाटा उंच होत्या.

काही वेळाने छपराची झडप उघडली आणि पेनरोज बाहेर आला. पाठोपाठ मिस बॉडलींचे डोके.

"पेनरोज! आधी खाली ये! मान मोडायचीय का?"

"मेट्रन, इथून दिसतायत! दोन्ही दिसतायत! बोटवाले चुकीच्या बाजूला चाललेत!"

मिस बॉडली झडपेतून कमरेपर्यंत बाहेर आल्या आणि त्यांनी त्याचे दोन्ही पाय गच्च धरले.

"बरं, दाखव त्यांना. हे घे." त्यांनी आजाऱ्यांच्या खोलीतले लाल ब्लँकेट वर दिले. "आणि पडलास ना, तर बघ मी तुझं काय करते!"

पेनरोजने एक हात माझ्या गळ्यात टाकला, खांदा माझ्या छातीला टेकवला आणि दुसऱ्या हाताने ब्लँकेट होड्यांच्या दिशेला फडकवले. मोटरबोटीवरच्या म्हाताऱ्या कोळ्याने वर पाहिले. लाल रंग दिसला. बोट वळली.

तेवढ्यात माझ्या पोटाखाली काहीतरी कडाडले.

पेनरोजच्या भाराने आणि वाऱ्याच्या रेट्याने चेपलेली खोबण सुटत होती. इतकी वर्षे मी ज्याची वाट पाहिली ते आता घडत होते, आणि माझ्या आधाराने एक मूल उभे होते. मी वळलो असतो, तर तो सरळ खाली फरशीवर गेला असता. मित्रांनो, त्या दुपारी मी आयुष्यात पहिल्यांदाच वळू नये म्हणून धडपडलो. वारा म्हणे चल. मी म्हणे थांब. पत्र्याच्या कोंबड्याच्या हाती किती असते मला ठाऊक नाही. मी थरथरत राहिलो, एवढेच खरे.

"मेट्रन, हा हलतोय!"

"मग सोड त्याला! खाली बस! मी धरलंय ना तुला!"

"पण अजून एक होडी..."

"जाइल्स!" मुलांना आडनावानेच हाक मारायच्या त्या शाळेत त्याचे नाव घेऊन कोणी ओरडले, ते तेव्हाच. "जाइल्स, बाळा, बस म्हणते ना!"

तो मटकन बसला. पाय घसरला, मिस बॉडलींनी त्याला ओढून पोटाशी धरले. आणि मी सुटलो. असा गरगरलो की आभाळ, शेते, समुद्र सगळे एक झाले, मग थांबलो. चोच जमिनीकडे, शेपटी समुद्राकडे. पेनरोजने बसल्या बसल्या ब्लँकेट पुन्हा उचलले.

संध्याकाळपर्यंत सगळी मुले किनाऱ्यावर आली. एक होडी उलटली होती. डेकर सरांनी मुलांना तिच्या पालथ्या बुडाला धरून ठेवले होते. स्वतः मात्र सारा वेळ पाण्यात होते. त्यांना उचलून आणावे लागले. ते वाचले, पण उजव्या हाताची बोटे पुन्हा नीट मिटली नाहीत.

काही दिवसांनी ते काठी टेकत स्वयंपाकघराच्या बागेत आले. पेनरोज तिथे वाटाण्याच्या शेंगा सोलत होता.

"पेनरोज, माझं चुकलं," ते म्हणाले. "तू सांगितलंस आणि मी ऐकलं नाही. वर सगळ्यांसमोर तुला भित्रा ठरू दिलं."

पेनरोज लालबुंद झाला. मोठ्या माणसाने माफी मागितली की काय म्हणायचे, हे त्या शाळेत शिकवीत नसत. तो म्हणाला, "सर, क्रियापदं झालीत माझी पाठ. म्हणून दाखवू?"

डेकर सरांनी तोंड फिरवले. मग तिथेच ओल्या बाकावर बसून ती सगळी ऐकली.

छपरावर जाणाऱ्याला छडीची शिक्षा होती. हेडमास्तर लँगरिज, शाळा काढणाऱ्या मास्तरांचे चिरंजीव, नियमाचे पक्के. त्यांनी पेनरोजला खोलीत बोलावले. दारात मिस बॉडली हात कमरेवर ठेवून उभ्या होत्या. "मीही छपरावर गेले होते, सर," त्या म्हणाल्या. "आधी माझ्यापासून सुरुवात करा." छडी कपाटातच राहिली.

वर्षे गेली. सेसिल हॉब्डे मंत्री झाला आणि त्याचे नाव पाटीवर चढले. पेनरोज एका बंदरात वाटाड्या झाला. परकी जहाजे धक्क्यापर्यंत सुखरूप आणायची, हे त्याचे काम. ते काही सोनेरी अक्षरांत लिहीत नाहीत. हळूहळू मुले कमी होऊ लागली. एवढ्याशा लेकरांना दूर पाठवायला लोकांचे मन होईना. एक मजला बंद झाला, मग दुसरा. शेवटी शाळाच बंद करायचे ठरले.

निरोपाच्या दिवशी हॉब्डे भाषणाला आला. केस पिकलेले, आवाज भरदार. भाषण झाल्यावर तो बागेत आला, तर तिथे पेनरोज उभा. दोघे माझ्या खालीच बोलत होते.

"ढगोबा! अरे, तू अजून वरच बघतोयस?"

"सवय जात नाही."

"त्या दिवशी तू नसतास तर मी..." हॉब्डेने खाकरून घेतले. "मी कधी बोललो नाही तुला. पाटीवर खरं तर तुझं नाव हवं होतं."

"राहू दे रे."

"बरं, एक विचारू? तुझ्या मुलांना इथे का नाही धाडलंस? तुला तर फी माफ केली असती त्यांनी."

पेनरोज म्हणाला, "रात्री जेवायला बसलं की ती समोर हवी होती मला. भांडत का असेनात."

हॉब्डे हळूच म्हणाला, "मी माझी तिन्ही पाठवली. सगळ्यात धाकटा पत्रात नेहमी एकच लिहायचा, की इथे हवा चांगली आहे. मला ते खरंच वाटायचं."

पेनरोजने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मंत्री लहान मुलासारखे नाक पुसत होते.

त्यानंतर इमारत विकली गेली. तिथे आता महागडी घरे झाली आहेत. सोनेरी पाटी गावातल्या एका दारूच्या दुकानात भिंतीवर आहे म्हणतात. मला छपरावरून उतरवले. मी जुना, ऐतिहासिक म्हणून माझे फार कौतुक झाले. गोळीचे भोक बुजवले, नवा मुलामा दिला, आणि प्रवेशदालनात काचेच्या पेटीत, दिव्याखाली बसवले. हलू नये म्हणून दोन स्क्रूही मारले. रोज कोणीतरी काच पुसते. येणारेजाणारे म्हणतात, "किती छान सांभाळलाय!"

मित्रांनो, मी कृतघ्न नाही. पण या पेटीत वारा येत नाही. माणसे बाहेरून येतात तेव्हा मी त्यांचे विस्कटलेले केस पाहतो, उलटलेल्या छत्र्या पाहतो आणि अंदाज बांधतो. काल एक बाई स्कार्फ धरीत आल्या. मला वाटले, नक्की समुद्रावरचा असणार. पण खात्री कशी करणार? तुमच्या घरात, शाळेत एखादी जुनी वस्तू असेल, एखादे म्हातारे माणूस असेल, एखादे लहान मूल असेल, तर त्याला नुसते पुसूनपुसून जपून ठेवू नका. त्याला काय हवे आहे ते विचारा. त्याला त्याचे काम करू द्या, आणि ते अडले तर वर चढून बघा.

आणि तुमच्यापैकी कोणी आत्ता बाहेरून येत असाल, तर घाईत निघून जाऊ नका. काचेजवळ या आणि मला एवढेच सांगा: वारा कुठून येतो आहे?